आमचा डॅशबोर्ड चमकत नाही

गाडी दिवाळीच्या पाडव्याला दारात आली आणि पुढच्याच रविवारी आम्ही मंगसुळीला गेलो. तिथला खंडोबा आमचं कुलदैवत. शोरूममध्ये फोटोसाठी हातात दिलेली ती पुठ्ठ्याची मोठी चावी आईच्या हिशेबात कुठंच बसत नव्हती; गाडी आपली होते ती देवाच्या दारात उभी राहिल्यावर, असं तिचं साधं गणित. सकाळी सहाला बेळगावातलं अनगोळ सोडलं. संकेश्वरला हायवेवरून उतरून चिकोडीच्या रस्त्याला लागलो तर कारखाने सुरू झालेले, पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांमागे काळ्या मातीचा लोट. काचा बंद होत्या. आत अजून नव्या गाडीचा तो वास होता आणि मी खुशीत होतो.

देवळासमोर पूजा झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ. इथवर सगळं बाहेरच्या बाहेर चाललं होतं. मग आमच्या थोरल्या मामांनी चारी दारं उघडायला लावली आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ओंजळभर भंडारा आत उधळला. एसीचा पंखा तीनवर होता. दोन सेकंदांत आतलं काही दिसेना, आणि दिसायला लागलं तेव्हा गाडी आतून पिवळी होती. सीटा पिवळ्या, छताचं कापड पिवळं, एसीच्या जाळ्यांच्या प्रत्येक पट्टीवर पिवळी रेघ, आणि डॅशबोर्डचा खालचा फिकट बदामी भाग तर हळदीला बसलेल्या नवरीसारखा. मामा प्रसन्न. आई हात जोडून उभी. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसायला सुरुवात केली.

तिथंच चुकलं. लाज वाटावी अशी चूक, कारण प्लॅस्टिक हाच माझा धंदा आहे. उद्यमबागेत मोल्डिंग शॉपमध्ये पंधरा वर्षं झाली मला. बेळगावचं उद्यमबाग म्हटलं की लोकांना फौंड्र्याच आठवतात, पण आमच्यासारखे प्लॅस्टिकचा दाणा वितळवून पोट भरणारेही तिथं आहेत. रोज पॉलीप्रॉपिलीन, एबीएस हाताखालून जातं. चकचकीत पार्ट डायमधून, म्हणजे साच्यातून, बाहेर आला की त्याला उघड्या बोटाने हात लावणाऱ्या पोराला मी ओरडतो. आणि त्या दिवशी मी स्वतः गिअरभोवतीच्या त्या काळ्या आरशासारख्या पट्टीवर, जिला विकणारे ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात, कोरडा सुती रुमाल खसाखसा फिरवला. हळद मऊ असते, तिने काही झालं नसतं. पण दारं उघडी असताना रस्त्याची धूळही आत आली होती, आणि त्या मातीतले वाळूचे कण प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक. परतीच्या वाटेत ऊन तिरपं झालं आणि त्या पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा लखलखायला लागल्या. गाडीचं वय पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी मी आणखी शहाणपणा केला. बादलीत कपड्यांची पावडर कालवली, फडकं पिळलं आणि बदामी प्लॅस्टिकवर फिरवलं. पिवळ्याचं बघता बघता तांबडं झालं. अगदी गडद, विटकरी तांबडं. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, “कुंकू झालं की रे!”

तिने गमतीने म्हटलं, पण अगदी बरोबर म्हटलं. पूर्वी घरी कुंकू करायचे ते हळदीला चुना लावूनच. हळदीतला रंग, कुरकुमीन, क्षाराला भिडला की लाल होतो. चुना जसा क्षार, तसा धुण्याच्या पावडरीतला सोडाही. हे मला दहावीच्या विज्ञानात शिकवलं होतं, हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून. पस्तीस वर्षांनी त्याचं प्रात्यक्षिक स्वतःच्या गाडीत केलं. एक बरं झालं, भंडारा खऱ्या हळदीचा होता हे कळलं. नुसत्या पिवळ्या रंगाची भेसळ असती तर ती अशी लाल झाली नसती.

मग कालच्या पूजेतलंच एक उरलेलं लिंबू कापलं, रस पाण्यात पिळून फडक्याने लावला. लाल परत पिवळं झालं. आई हसून हसून खाली बसली. पण पिवळं झालं म्हणजे गेलं नव्हे. कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने पुसत राहिलं की ते फक्त इकडून तिकडे पसरतं आणि प्लॅस्टिकच्या नक्षीत जाऊन बसतं. विरघळतं ते स्पिरिटमध्ये. शॉपमध्ये आम्ही छपाईच्या आधी पार्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, त्यातलं थोडं आणलं, निम्मं पाणी घातलं, आधी दाराच्या खाली न दिसणाऱ्या जागी लावून बघितलं, आणि मग फडक्याची घडी सतत बदलत टिपत गेलो. घासलं नाही, टिपलं. फडकं पिवळं होत गेलं आणि डॅशबोर्ड बदामी. नव्वद टक्के गेलं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी काहीच केलं नाही: गाडी चार दिवस दुपारच्या उन्हात तोंड करून उभी केली. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. हळदीने डागाळलेली साडी आपल्या बायका वाळत घालतात ती उन्हात, त्यामागे हेच आहे.

एवढ्या रामायणानंतर मी जरा शांतपणे विचार केला की नव्या गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकला मुळात लागतं काय. उत्तर फार थोडं आहे, पण तिथपर्यंत यायला मला आधीच्या गाडीची आठवण सांगावी लागेल.

ती सेकंडहँड होती. घेतली तेव्हा एका ॲक्सेसरीच्या दुकानात आतून ‘पॉलिश’ मारून घेतलं. दुकानाचं नाव कशाला सांगू, त्या काळात सगळीकडे तेच चालायचं. पोराने स्पंजवर बाटली उपडी केली आणि डॅशबोर्ड, दारं, स्टिअरिंग, एवढंच काय, पायातल्या रबरी पॅडलांवरही हात मारला. गाडी अशी चमकायला लागली की शेजारी बघायला आले. तीन दिवसांनी आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला निघालो. जांबोटीत समोर म्हैस आली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सटकला. म्हशीला काही झालं नाही, तिने मागे वळूनही बघितलं नाही. पुढे घाटात बाराचं ऊन डोक्यावर, आणि चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत असं पडलेलं की वळणावर रस्ता दिसायच्या आधी मला माझ्याच डॅशबोर्डवरची टिश्यूची पेटी दिसत होती. गोव्यातून परत येईपर्यंत त्या तेलकट थरावर खानापूर बाजूची लाल धूळ अशी बसली होती की बोटाने नाव लिहिता यावं. नुसत्या प्लॅस्टिकवरची धूळ फडक्याने उचलली जाते. तेलावरची धूळ म्हणजे चिखल, ती सरकते फक्त.

ही चमक कुठून येते ते आमच्या शॉपमध्ये उभं राहिलं की समजतं. डॅशबोर्डवर हात फिरवला की जी बारीक चामड्यासारखी नक्षी लागते ती डायवर ॲसिडने कोरलेली असते. प्लॅस्टिक वितळून त्यात शिरतं आणि ती खाच न् खाच उचलतं. हजारो सूक्ष्म खड्डे, त्यामुळे उजेड चारी दिशांना विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. हे मुद्दाम केलेलं असतं, ड्रायव्हरच्या डोळ्यावर प्रतिबिंब येऊ नये म्हणून. डाय कोरून घेण्यात पैसा गेलेला असतो. आपण काय करतो, ते खड्डे तेलाने भरतो. भरले की पृष्ठभाग सपाट, सपाट झाला की आरसा.

आणि हे तेल बहुतेक वेळा सिलिकॉनचं. सिलिकॉनशी माझं रोजचं भांडण आहे. पार्ट डायमध्ये अडकायला लागला की ऑपरेटर मोल्ड रिलीजचा स्प्रे मारतो, तो सिलिकॉनचा. पार्ट टुणकन सुटतो. पण त्यावर नंतर शाई धरत नाही, रंग धरत नाही, स्टिकर चिकटत नाही. एकदा रात्रपाळीच्या पोराने न विचारता स्प्रे मारला आणि अख्खी क्रेट छपाईतून परत आली. पुसून पुसून हात दुखले तरी अक्षरं उडतच राहिली. सिलिकॉन एकदा बसलं की असं चिवट असतं. सिलिकॉनने प्लॅस्टिक खराब होतं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. सिलिकॉन तसं निरुपद्रवी, कशाशी भांडत नाही. वाईट असतं ते स्वस्त बाटलीत त्याच्याबरोबर येणारं रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंट. बाटली उघडून वास घ्या. रॉकेलसारखा वास आला तर झाकण लावा आणि परत करा.

सॉल्व्हंटवरून आठवलं. आमच्या गल्लीत एकाने नव्या गाडीच्या दारावरचा स्टिकर काढला, गोंद राहिला, म्हणून रंगाच्या दुकानातलं थिनर आणून कापसाने लावलं. मी कामावरून येत होतो, लांबूनच ओरडलो, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ते पॅनल एबीएसचं. एबीएसचे दोन तुकडे जोडायचे असले तर आम्ही गोंद वापरत नाही, एमईके नावाचं सॉल्व्हंट लावतो, दोन्ही तोंडं विरघळतात आणि एकजीव होतात. थिनर तसलंच. त्याच्या बोटाचा ठसा आजही त्या पॅनलवर आहे, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट. वर मलाच म्हणतो, “आधी सांगायचं की बे!” गोंदाला खरं तर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने चोळायचा, दहा मिनिटं थांबायचं, गोळा करून काढायचा आणि साबणाच्या पाण्याने तेलही पुसून टाकायचं. खोबरेलाचं काम तेवढंच. आमचे आप्पा लुनाच्या सीटपासून टीव्हीच्या कॅबिनेटपर्यंत सगळ्याला खोबरेल लावायचे. सगळं आठ दिवस छान दिसायचं आणि महिन्याभरात खवट वास मारायचं.

यावरून आणखी एक: नव्या गाडीत उंबऱ्यावर, स्क्रीनवर, चकचकीत पट्ट्यांवर जो पातळ कागद येतो तो पहिल्या आठवड्यात काढून टाका. आमच्याकडे तो फाटेपर्यंत ठेवायची पद्धत आहे. लग्नातल्या सोफ्याचं कव्हर जसं मुलं शाळेत जाईपर्यंत निघत नाही, तसं. तो कागद वाहतुकीपुरता असतो. दोन उन्हाळे खाल्ले की त्याचा गोंद भाजतो आणि मग वर सांगितलेला सगळा खेळ करावा लागतो.

आता मी नेमकं काय करतो ते. आधी कोरडी धूळ, आणि तीही न घासता. आप्पांचा दाढीचा जुना ब्रश माझ्याकडे होता. ते गेल्यावर कपाटात तसाच पडून होता, टाकवत नव्हता. त्याचे केस इतके मऊ आहेत की बाजारातले ‘डिटेलिंग ब्रश’ त्याच्यापुढे खराटे. डाव्या हातात व्हॅक्यूमची नळी, उजव्या हातात तो ब्रश. ब्रशने धूळ उठवायची आणि नळीने ती हवेतच गिळायची. एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी, स्पीकरची भोकं. पंखा बंद ठेवून, हे मी भंडाऱ्याकडून शिकलो. मग अर्धा लिटर पाण्यात लहान मुलांच्या शॅम्पूचे पाच-सहा थेंब. त्यात क्षार नसतो, डोळ्याला चालतो तो प्लॅस्टिकलाही चालतो. पाणी फडक्यावर मारायचं, डॅशबोर्डवर कधीच नाही, कारण थेंब बटणांच्या आत उतरतात आणि आत सर्किट आहेत. फडकं मायक्रोफायबरचं, खडेबाजारात डझनावारी मिळतं. कडेला शिवलेलं लेबल असतं ते आधी कात्रीने काढा, ते ओरखडे काढतं. चपलांचे काळे डाग दाराच्या खालच्या बाजूला येतात, तिथं घट्ट पाणी लागतं: ऑल पर्पज क्लीनर, एक भागाला दहा भाग पाणी. ते पांढरे ‘जादूचे’ स्पंज मात्र दूर ठेवा. ती जादू म्हणजे अतिबारीक पॉलिशपेपर आहे. डागाबरोबर नक्षीही घेऊन जातो आणि जागा कायमची गुळगुळीत दिसते.

टचस्क्रीनला नुसतं दमट फडकं. काच पुसायच्या निळ्या पाण्यात बऱ्याचदा अमोनिया असतो, तो स्क्रीनवरचा लेप खातो.

गोल रेघा पडलेल्या त्या काळ्या पट्टीचं काय केलं विचाराल तर, प्लॅस्टिकचं बारीक पॉलिश बोटाएवढ्या स्पंजने लावून निम्म्या रेघा घालवल्या, आणि लगेच तिच्यावर पीपीएफ, म्हणजे ओरखड्यांपासून वाचवणारी पारदर्शक फिल्म, चिकटवून घेतली. हे काम गाडी आली त्या दिवशी करायला हवं होतं. असल्या पट्ट्या गाडीत मुळात का बसवतात हे मला प्लॅस्टिकवाला असून समजलेलं नाही. शोरूमच्या दिव्याखाली त्या छान दिसतात. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्यावर फक्त बोटांचे ठसे दिसतात.

‘प्रोटेक्शन’ म्हणून विचारलं तर मी वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीत, पाण्यातलं, मंद फिनिशचं, यूव्ही म्हणजे उन्हातले अतिनील किरण रोखणारं ड्रेसिंग लावतो. बाटलीचं एक टोपण फडक्यावर, संपूर्ण डॅशबोर्डला तेवढंच. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, बोट फिरवलं तर काही लागता कामा नये. स्टिअरिंग, गिअरची मूठ, पॅडल, यांना काहीही नाही. म्हैस आठवा. यामुळे किती फरक पडतो? खरं सांगायचं तर थोडा. आजकालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या दाण्यातच कार्बन ब्लॅक असतं, आणि तेच मोठं छत्र आहे. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, ती बहुतेक यूव्ही अडवते. बाजूच्या काचा साध्या टफनच्या, तिथून जास्त येतं, म्हणून दाराचे वरचे कठडे आधी फिके पडतात. लोक समोर सिल्व्हर पडदा लावतात आणि बाजूने ऊन आत घेतात. पडदा तरीही लावा, कारण उष्णता वेगळी. बाहेर पस्तीस अंश असताना बंद गाडीतला डॅशबोर्ड सत्तरच्या आसपास जाऊ शकतो, आणि हे रोज होत राहिलं की जोडांतून कुरकुर सुरू होते. काळी फिल्म लावायचा सल्ला देणारे भेटतील. समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे. ते मोजायचं यंत्र कॉलेज रोडच्या चौकात उभ्या असलेल्या साहेबाच्या नजरेत असतं.

नव्या गाडीचा वास लोकांना आवडतो, मलाही आवडतो, पण तो म्हणजे प्लॅस्टिक, फोम आणि गोंदातून उडणारे पदार्थच. उडून जातात कुठे, तर समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला. पहिले सहा महिने तिथं एक धुरकट तेलकट पापुद्रा धरतो आणि रात्री समोरून दिवे आले की लक्षात येतो. काच पुसत राहायची, आणि गाडी सावलीत असेल तेव्हा काचा दोन बोटं खाली ठेवायच्या.

आमच्या डॅशबोर्डवर महाराज आहेत. पाटी केए २२ आणि डॅशबोर्डवर महाराज, ही बेळगावातल्या अर्ध्या गाड्यांची ओळख आहे आणि आमचीही. पण जागेवरून घरात वाद झाला. मुलाला मूर्ती मधोमध, जरा डावीकडे हवी होती. तिथं शेजारच्या सीटची एअरबॅग आहे, झाकणावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ती फुटली तर मूर्ती दगडासारखी येईल. शिवाय दुकानातले ते चिकट जेलचे पॅड मी आधीच्या गाडीत वापरलेत: मऊ पीव्हीसी, त्यातलं मऊपणा देणारं तेल उन्हात खालच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं. पॅड उचललं तर खाली चौकोनी ओला डाग, जो कधीच गेला नाही. तर महाराज आता मधल्या खोबणीत आहेत, खाली जाड नमद्याचा तुकडा. मुलगा म्हणतो खाली ठेवले. मी म्हटलं, गडाच्या पायथ्याला नाही, बालेकिल्ल्यात ठेवलेत, चारी बाजूंनी तट आहे.

पावसाळ्यातली गोष्ट थोडक्यात. सासुरवाडी खानापूर तालुक्यात, जुलैत तिथून आलो की गाडीत निम्मं शेत असतं. ओली लाल माती पुसायला जायचं नाही. त्या मातीला तांबडा करणारा लोहाचा गंज म्हणजे रंगच, ओल्या फडक्याने तो बदामी प्लॅस्टिकच्या नक्षीत भरतो. एक रात्र वाळू द्यायची, मग ब्रश आणि व्हॅक्यूम. मागच्या श्रावणात गाडी कव्हर घालून बारा दिवस उभी राहिली. कव्हर काढलं तर स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टवर पांढरी बुरशी. डॅशबोर्डवर नव्हती. बुरशीला खायला लागतं, आणि हाताचं तेल, घाम, मुलाने सांडलेला कुंदा हे सगळं स्टिअरिंग-बेल्टवरच. स्टिअरिंग निम्म्या पाण्याच्या अल्कोहोलने पुसलं, बेल्ट शॅम्पूच्या पाण्याने, आणि दारं उघडून उन्हाची वाट बघितली. श्रावणात ती दोन दिवस बघावी लागली.

मध्यंतरी खानापूर रोडच्या वॉशिंगवर गेलो होतो. तिथले अण्णा बैलहोंगलकडचे, मराठी समजतं पण बोलतात कन्नडच. धुऊन झाल्यावर त्यांनी पिळलेल्या फडक्याने डॅशबोर्ड एकदा पुसला. शेजारी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईकाने मला विचारलं, नवी गाडी आणि चमकत कशी नाही, पॉलिश नाही का मारत? मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, “साकु री, साकु. होस गाडी.” पुरे हो, पुरे, नवी गाडी आहे. पंधरा वर्षं दाणा वितळवून मी जे इथं एवढं लांबवून लिहिलं ते त्यांनी पाच शब्दांत आटोपलं.

पाडवा आता तीन आठवड्यांवर आलाय आणि आईने मंगसुळीचा रविवार ठरवून टाकलाय. डावीकडच्या एसीच्या जाळीत, अगदी आत, जिथं ऊन पोचत नाही तिथं गेल्या वर्षीचा भंडारा अजून आहे. ब्रश पोचतो, मला काढता आला असता. एकदा काढायला बसलोही होतो, पण आई म्हणाली, “ऱ्हाऊदे की त्यो तिथं, कुणाला काय करतोय.” राहू दिला. मामांना फोन करून सांगितलंय की या वेळी चिमूटभर, आणि पंखा बंद असल्याशिवाय नाही. ते “व्हय व्हय” म्हणालेत, पण त्यांच्या व्हय व्हयचा अनुभव आहे. म्हणून दोन मोठे जुने पंचे धुऊन ठेवलेत, एक डॅशबोर्डसाठी आणि एक त्या काळ्या पट्टीसाठी.